रिकामा तळ : तीन गोल्डफिशच्या टाकीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

टाकीतले सगळे खडे काढायचे, हे आज घरात मिळून ठरलं. ही वही त्या कामासाठी.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच १० मिमी. पंधरा इंचांपर्यंत भरतो. आतल्या मापाने १४९ लिटर पाणी बसायला हवं, पण त्यातली बरीच जागा खड्यांनी अडवली आहे. तळाला दोन इंच रंगीत खडे, त्याखाली अंडरग्रॅव्हल फिल्टरच्या प्लेटा, मागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या नळ्या आणि एक एअर पंप. मासे तीन: टोपी (रेड कॅप ओरांडा), कोळसा (ब्लॅक मूर) आणि भिंगरी (कॅलिको र्‍युकिन). नावं लेकीने ठेवलेली.

कारण असं: बुधवारी टोपीच्या तोंडात खडा अडकला. तोंड उघडं ते उघडंच, कल्ले जोरात हलतायत आणि खाद्य टाकलं तरी जागची हलेना. नानांनी (माझे सासरे) तिला पाण्यातच ओल्या हातांनी अलगद धरलं, तोंड खाली केलं आणि गळ्याखालून अंगठा हलकेच तोंडाच्या दिशेने सरकवला. थोड्या वेळाने खडा निसटून पडला. वाटाण्याहून जरासा लहान. आमच्या टाकीतले जवळपास सगळे खडे त्याच मापाचे आहेत, म्हणजे गोल्डफिशच्या तोंडात जाणारे पण आत आडवे बसणारे.

गोल्डफिशचं खाणंच तसं. तळाची माती तोंडात घ्यायची, घोळवायची, खाण्यासारखं असेल ते ठेवायचं, बाकीचं थुंकायचं. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि पोट म्हणावं असा अवयव नाहीच. अन्न थेट आतड्यात. त्यामुळे दिवसभर थोडं थोडं शोधत, चघळत राहणं हा त्यांचा धर्म. ती सवय आपण मोडू शकत नाही. खडे मात्र काढू शकतो.

पण आमच्या टाकीत एक अडचण आहे. खडे हाच आमचा फिल्टर आहे. अंडरग्रॅव्हलमध्ये पंपाच्या हवेने नळ्यांतून पाणी वर खेचलं जातं, त्याच्या जागी वरचं पाणी खड्यांमधून खाली झिरपतं, आणि अमोनिया (माशांच्या अंगातून पाण्यात येणारं विष) पचवणारे जिवाणू त्या खड्यांवरच वाढलेले असतात. एका रविवारी सगळे खडे उपसले तर टाकी चकचकीत होईल आणि मासे आठवड्यात मरणाच्या दारात जातील. म्हणून क्रम पक्का: आधी नवा फिल्टर, तो पिकू द्यायचा (म्हणजे त्यात जिवाणू वाढू द्यायचे), मग खडे, तेही हप्त्याहप्त्याने.

१२ जानेवारी

नव्या फिल्टरवर किती भार येणार याचा हिशोब मांडला. मत्स्यपालनात ढोबळ अंदाज धरतात तो असा: १ ग्रॅम खाद्यामागे साधारण ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. त्यातला बराचसा विष्ठेतून नव्हे, कल्ल्यांतून येतो. आमच्या तिघांना रोज दीड ग्रॅम खाद्य. म्हणजे ४५ मिलिग्रॅम. १४९ लिटरमध्ये हे ०.३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) झालं, रोज. पचवणारं कोणी नसेल तर चार दिवसांत १ पीपीएमच्या वर. गोल्डफिशसाठी ठेवायचा आकडा शून्य.

घेतलं ते: दुहेरी स्पंजचे दोन स्पंज फिल्टर, त्यांच्यासाठी वेगळा एअर पंप, आणि टाकीच्या कडेवर बसणारा टॉप फिल्टर, ज्याच्या खोक्यात सिरॅमिक रिंग्ज आणि वर वूलचा थर. दुकानदार म्हणाले, "ताई, खाली काहीतरी टाकाच, नाहीतर मासे घाबरतात." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, काचेच्या प्रतिबिंबाचा प्रश्न खरा आहे. त्यावर वेगळा उपाय करायचा आहे.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगला आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. वीज गेली की पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं, त्यासाठी.

१९ जानेवारी

नवे फिल्टर जुन्या टाकीतच चालू आहेत, अंडरग्रॅव्हलच्या जोडीला. खड्यांतला थोडा गाळ सायफनने बादलीत काढून त्या पाण्यात स्पंज पिळून घेतले, म्हणजे जिवाणूंची लागण लवकर होईल.

पाण्याचं तापमान २१ अंश. माशांना हे मानवतं, जिवाणू मात्र थंडीत सावकाश वाढतात. घाई नाही.

२ फेब्रुवारी

स्पंजचा रंग काळ्याचा तपकिरी झाला आहे आणि हाताला बुळबुळीत लागतो. हेच हवं होतं. जिवाणूंत दोन कामगार आहेत: एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. जुन्या माहितीत दुसऱ्या कामासाठी नायट्रोबॅक्टरचं नाव असायचं; १९९८ पासून माहीत झालं की टाक्यांमध्ये ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो. दोघांनाही बसायला पृष्ठभाग आणि श्वासाला ऑक्सिजन लागतो. स्पंजमधून पाणी सतत वाहतं, म्हणून थोड्या जागेत त्यांची सोय चांगली होते.

एक समज लोकांमध्ये घट्ट आहे की खड्यांशिवाय "चांगले जिवाणू" राहत नाहीत. काचेवर, नळीवर, पानांवर, सगळीकडे ते राहतात. प्रश्न फक्त किती जागा आणि किती वाहतं पाणी, एवढाच.

आजची चाचणी: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४०. पीएच ७.२.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला चतकोर काढला. उजवीकडची पुढची बाजू.

पद्धत लिहून ठेवते, पुढच्या वेळी तशीच करायची. आधी एक तृतीयांश पाणी सायफनने बादल्यांत काढायचं. मग प्लास्टिकच्या मगाने खडे उचलायचे, पण भरलेला मग सरळ वर न ओढता आधी आडवा करून थोडा वेळ पाण्यातच धरायचा. वरचा गाळ त्याच ठिकाणी बसतो, आणि दुसऱ्या माणसाने तिथेच सायफनची नळी धरून तो खेचून घ्यायचा. खडे उचलायचं काम माझं आणि नळी लेकीकडे, असं आज जमलं. पाणी गढूळ झालं पण चहासारखं नाही झालं.

खडे काढल्यावर प्लेट उघडी पडली. तिथे लगेच ॲक्रिलिकची पट्टी ठेवली. उघड्या प्लेटमधून पाणी सोप्या वाटेने खाली जाईल आणि उरलेल्या खड्यांतून झिरपणारच नाही, तर तिथले जिवाणू गुदमरतील. ही गोष्ट छोटी वाटते, पण हप्त्याहप्त्याने काम करण्याचा सगळा फायदा तिच्यावर आहे.

निघालेले खडे साडेसात किलो भरले. काढलेलं पाणी मोजून परत टाकलं तरी पातळी पाऊण सेंटिमीटर खालीच राहिली. म्हणजे तेवढं पाणी आता टाकीत जास्त मावतं. चारही चतकोर निघाले की १० लिटरच्या वर पाणी वाढेल. माशांना ते मिळणार.

११ फेब्रुवारी

अमोनिया ०.२५. खाद्य निम्मं केलं.

१३ फेब्रुवारी

अमोनिया ०. स्पंज कामाला लागले.

२३ फेब्रुवारी

दुसरा चतकोर. मागच्या उजव्या कोपऱ्यातले खडे काढताना खाली काळा थर लागला आणि सडक्या अंड्याचा वास आला. प्लेटची कड जिथे काचेला नीट टेकत नव्हती तिथे पाणी वाहत नव्हतं. ऑक्सिजनशिवाय कुजलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. असा खिसा एकदम ढवळला तर माशांना धोका असतो, म्हणून मासे डावीकडे जाळीआड ठेवले, नळी थेट त्या काळ्या भागावर धरली आणि त्या कोपऱ्यातलं पाणी गाळासकट बाहेर काढलं. वरून टाकी नितळ दिसत होती. दर आठवड्याला खड्यांत सायफन खुपसत होतो तरी प्लेटखालचं कोणाला दिसणार?

९ मार्च

तिसरा चतकोर. (दुसऱ्या दिवशीची भर: अमोनिया शून्यच.) आता टाकीचा भार बहुतेक नव्या फिल्टरांवर आलेला दिसतो.

मोकळ्या काचेवर कोळसा थांबून थांबून फिरतो. खाली पाहतो, मागे सरतो. प्रतिबिंब.

१५ मार्च, शनिवार

उरलेले खडे आणि प्लेटा निघाल्या. एकूण ३० किलो. टाकी पूर्ण रिकामी केली, कारण तळाला बाहेरून रंग द्यायचा आहे, आणि थोडंही पाणी असताना काचेची टाकी उचलणं म्हणजे सिलिकॉनच्या सांध्यांवर जुलूम.

रंगच का, याचा विचार बराच केला. सोपा उपाय म्हणजे टाकीखाली काळी रेक्झिन सरकवणं. करून पाहिलं नाही असं नाही, पण आरसा तसाच राहतो. कारण काच आणि रेक्झिनच्या मध्ये हवेचा पातळ थर उरतोच. पाण्यातून तिरकस जाणारा उजेड काचेतून त्या हवेच्या हद्दीला भिडतो आणि सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त कललेला असेल तर सगळाच्या सगळा परत फिरतो. माशाच्या नजरेला तळ म्हणजे आरसा होतो तो यामुळे. रंग काचेला चिकटतो, मध्ये हवा उरत नाही, उजेड रंगात शोषला जातो. म्हणून ॲक्रिलिक रंगाचे दोन हात, फक्त तळाच्या बाहेरच्या बाजूला. गडद करडा निवडला. पांढऱ्या तळावर गोल्डफिश फिके पडतात, हे माहीत होतं. गडद तळावर रंग धरून राहतात.

मासे गच्चीसाठी आणलेल्या नव्या अर्ध्या ड्रममध्ये, जुन्याच पाण्यात, दोन्ही स्पंज फिल्टरसह. टॉप फिल्टरच्या रिंग्ज टाकीच्या पाण्याच्या बादलीत, एअर स्टोन लावून; कोरड्या पडल्या तर त्यांच्यावरचे जिवाणू मरून दोन महिन्यांची मेहनत जाईल.

१६ मार्च

रंगाचा दुसरा हात दिला. आज दिवसभर घरातले सगळे ड्रमभोवती. वरून पाहिलं की भिंगरीच्या शेपटीचा पंखा पूर्ण उलगडलेला दिसतो, टाकीच्या बाजूने तो कधी असा दिसलाच नाही. नाना म्हणाले, "अगं, हे मासे वरूनच बघायचे असणार."

खरंच तसं आहे. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून हे मासे तळ्यांत पाळले गेले, मिंग काळात मोठ्या भांड्यांत आणि घंगाळांत आले, आणि त्यांचे रूप-रंग निवडले गेले ते वरून बघूनच. काचेची टाकी फार नंतरची. जपानमध्ये रांचू जातीचे गोल्डफिश पाळणारे आजही उथळ हौद वापरतात, तळाला काही नाही, नुसता गुळगुळीत पृष्ठभाग, त्यावर शेवाळाचा हिरवा थर आणि हिरवट पाणी. नारा प्रांतातलं यामातोकोरियामा हे शहर तर गोल्डफिशच्या पैदाशीसाठीच ओळखलं जातं. ज्यांनी शेकडो वर्षं हेच काम केलं त्यांनी तळ मोकळा ठेवला, हे मला धीर देणारं आहे. "टाकी उघडीबोडकी दिसते" असं जे म्हणतील त्यांना हे सांगायचं.

१८ मार्च

रंग वाळला, वास पूर्ण गेला. खाली जाड थर्माकोल, त्यावर टाकी. ड्रममधलं पाणी परत टाकीत, उरलेलं नळाचं, हायपोचे खडे घालून क्लोरीन घालवलेलं. मासे सोडले. कोळसा थेट तळावर उतरला आणि काच चाचपत पुढे गेला. मागे सरला नाही.

२० मार्च

नायट्राइट ०.२५. दुसरा कामगार नेहमी पहिल्याच्या मागे असतो. लिटरमागे १ ग्रॅम या हिशोबाने १५० ग्रॅम खडेमीठ मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू घातलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतं. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन नेऊ शकत नाही. शिवाय २० टक्के पाणी बदललं.

२३ मार्च, रविवार

नायट्राइट ०.

आज तळाकडे नीट बघत बसले. मोकळ्या तळाबद्दल जो मोठा गैरसमज आहे तो आज डोळ्यांपुढे होता. तळ मोकळा म्हणून टाकी स्वच्छ राहते, हे खरं नाही. घाण तेवढीच होते. फरक एवढाच की ती दिसते. खड्यांत ती मुरायची आणि आपल्याला बरं वाटायचं. आता सकाळी दिवा लावला की कालचा सगळा हिशोब काचेवर मांडलेला असतो: किती खाल्लं, किती उरलं, विष्ठा कशी आहे. टोपीची विष्ठा आज पांढरट आणि दोऱ्यासारखी होती, खड्यांत हे कधी कळलंच नसतं. उद्या तिला उपास, परवा सोललेला, उकडलेला मटार.

पण ती घाण तळभर पसरलेली होती, आणि इथे पाण्याच्या वाहण्याचा प्रश्न येतो. टॉप फिल्टरचं पाणी मध्यभागी पडत होतं, त्यामुळे सगळा कचरा चारी बाजूंना उडत होता. पाणी पडायची जागा मागच्या डाव्या कोपऱ्यात नेली आणि तोंड मागच्या काचेला समांतर केलं. आता पाणी मागच्या काचेने उजवीकडे जातं, उजव्या काचेवरून वळून पुढे येतं आणि समोरच्या काचेने डावीकडे परतताना मंदावतं. स्पंज फिल्टर दोन्ही मागच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या बुडबुड्यांनी पुढचा भाग ढवळला जात नाही. संध्याकाळपर्यंत बहुतेक कचरा समोरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत गोळा झाला. मला या सगळ्या कामात सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच वाटली. पातळ नळीने त्या एका कोपऱ्यातून कचरा उचलायचा, पाच लिटर पाणी जातं, तेवढं घालायचं, झालं.

३० मार्च, गुढीपाडवा

काचेच्या तळावर पातळ, निसरडा थर धरला आहे, वर हलकी तपकिरी झाक. लेक स्क्रबर घेऊन पुसायला निघाली होती, थांबवलं. तो थर जिवंत आहे आणि उपयोगाचा आहे. समोरची काच पुसायची, बघण्यासाठी. तळ, मागची काच आणि बाजू तशाच. सैल कचरा तेवढा उचलायचा.

झाडांचं: मुळं रोवायला माती नाही, आणि असती तरी गोल्डफिशने उपटलीच असती. अनुबियास काळ्या दगडाला दोऱ्याने बांधून ठेवलं. जाड, कडवट पान, फारसं खात नाहीत. दगड आपलाच, बेसाल्ट, पाण्याने गोल झालेला, एकही धार नसलेला, कारण ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्याला नीट दिसतही नाही. सह्याद्रीच्या दगडात पांढऱ्या भरावाचे डाग असतात, त्यातले काही कॅल्साइटचे. तसले दगड बाजूला काढले. शंका असेल तर व्हिनेगरचा थेंब टाकायचा. फसफसला तर तो दगड पाण्याचा कठीणपणा वाढवणार.

मनीप्लांटच्या वेली टॉप फिल्टरच्या खोक्यात मुळं सोडून लावल्या. तिथे मासे पोचत नाहीत, मुळांना नायट्रेट मिळतं.

१३ एप्रिल

पाणी ३१ अंश, दुपारी चारला. २० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. आणि उन्हाळ्यात माशांची गरज उलट वाढते. भिंगरी पृष्ठभागाशी तोंड उघडून बसलेली दिसली.

केलेले उपाय: झाकण काढून जाळी बसवली, छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला. बाष्पीभवनाने दोन अंश उतरले. बर्फाच्या बाटल्या नको म्हटलं. एकदम खाली, मग एकदम वर, हे माशांना जास्त जाचतं. खाद्य दुपारी बंद, फक्त सकाळी आणि दिवे लागणीला. एअर पंप इन्व्हर्टरवर घेतला, कारण वीज गेली की स्पंजमधले जिवाणूही माशांइतकेच ऑक्सिजनला तरसतात.

पाणी उडून रोज पातळी उतरते. त्याची भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. पाणीबदल ठरल्याप्रमाणे आठवड्याला तीन बादल्या. काढलेलं पाणी गच्चीतल्या कुंड्यांना.

२० एप्रिल

सोसायटीत टँकर सुरू. टँकरचं पाणी बोअरचं, पीएच ८.२. आमच्या नळाचं ७.२. इथे फार जपायला हवं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि विषारी आहे ते एक. पीएच एकने चढला की त्या विषारी रूपाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. टेस्ट किट दोन्हींची बेरीज दाखवते. म्हणजे फेब्रुवारीत ०.२५ आकड्यावर दोन दिवस निभावलं, ते आत्ताच्या उष्ण आणि वरच्या पीएचच्या पाण्यात निभावणार नाही.

म्हणून टँकरचं पाणी एका वेळी एकच बादली, एक दिवस पिंपात एअर स्टोन लावून ठेवलेलं. पीएच सावकाश चढू द्यायचा. स्पंज आळीपाळीने धुवायचे, दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही, आणि धुवायचे ते टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरले तर क्लोरीनने जिवाणू मरतात.

४ मे

नानांचं निरीक्षण, आणि ते मनाला लागलं: "मासे आता शोधत नाहीत. खाऊन झालं की नुसते काचेशी येरझाऱ्या घालतात."

त्यांचं बरोबर आहे. खडे काढून आपण धोका काढला, पण त्यांचं दिवसभराचं कामही काढून घेतलं. मोकळ्या तळाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लपवू नये. मासा जिवंत आहे, पाणी शुद्ध आहे, एवढ्याने पाळणाऱ्याचं काम संपत नाही.

११ मे, रविवार

दोन गोष्टी सुरू केल्या.

एक, कुंडीखाली ठेवतात तशी पसरट खापराची ताटली, नवी, दोन दिवस पाण्यात भिजवलेली. तिच्यात एक इंच बारीक नदीची वाळू, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. बारीक वाळू तोंडात अडकत नाही, कल्ल्यांतून बाहेर पडते. ताटली ठेवून तास झाला असेल, टोपी तिच्यात तोंड खुपसून उभी! कल्ल्यांतून वाळूच्या दोन बारीक धारा पडत होत्या. लेकीने सगळ्यांना हाका मारून बोलावलं. आठवड्याला ताटली उचलायची, वाळू बादलीत धुवायची, परत ठेवायची. तळ मोकळाच राहतो.

दोन, घरचं जेली खाद्य. उकडलेला मटार, वाफवलेला पालक आणि पेलेटची पूड मिक्सरला वाटून, चायना ग्रास उकळून त्यात मिसळायचा, वड्या पाडून फ्रीजरमध्ये. जिलेटिन वापरलं नाही; ३० अंशांच्या पाण्यात ते सैल पडतं. चायना ग्रास सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. गरम असतानाच एका खडबडीत बेसाल्टवर पातळ थर पसरला आणि थंड झाल्यावर तो दगडच टाकीत ठेवला. तिघं मिळून दुपारभर खरवडत होते. उरलेलं रात्री उचललं.

२७ मे

पाऊस यंदा फारच लवकर आला. पाणी २६ अंशांवर. फॅन काढला. भिंगरी पुन्हा टाकीभर फिरते आहे.

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. खडे असताना याच पाणीबदलावर नायट्रेट ४० असायचं. मनीप्लांटचाही वाटा असेल, पण मला वाटतं मोठा वाटा रोज उचलल्या जाणाऱ्या कचऱ्याचा आहे; जे कुजायच्या आत बाहेर गेलं त्याचं नायट्रेट होतच नाही.

१ जून

तळावरचा तपकिरी थर जाऊन हिरवं शेवाळ धरलं आहे, मखमलीसारखं. मासे ते खुडत फिरतात. आता तळ काचेचा आहे हे पटकन ओळखू येत नाही.

काढलेले खडे धुऊन, उन्हात वाळवून गच्चीतल्या कुंड्यांच्या तळाशी घातले, पाणी निचरायला.

१५ जून, रविवार

वरच्या मजल्यावरच्या काकू टाकी बघून गेल्या. त्यांच्याकडे दोन फुटी टाकी, दोन शुबुनकिन गोल्डफिश, खाली तेच रंगीत खडे आणि अंडरग्रॅव्हल. त्यांनाही खडे काढायचेत, आजच. समजावून सांगितलं की आज नाही. शिवाय शुबुनकिन लांब अंगाचे आणि वेगवान, वाढले की त्यांना दोन फूट पुरायचे नाहीत. मोठ्या टाकीचा विचार खड्यांच्या आधी करावा, असंही सुचवलं. त्या म्हणाल्या, मुलाशी बोलते.

तोवर त्यांच्यासाठी आणलेला नवा स्पंज फिल्टर आमच्या टाकीत, मागच्या उजव्या कोपऱ्यात लावला आहे. पिकायला जुलैअखेर उजाडेल. मग तो ओलाच वर न्यायचा, त्यांच्या अंडरग्रॅव्हलच्या जोडीला काही आठवडे चालवायचा आणि पहिला चतकोर काढायचा. ॲक्रिलिकची पट्टी आमचीच कापून देईन. टेस्ट किट त्यांनी मागवली आहे. ती हातात येऊन आधीची आकडेवारी लिहून झाल्याशिवाय खड्यांना हात लावायचा नाही, हे त्यांनी कबूल केलं आहे.